सोयाबीनचा हंगाम, नरवाईचा धूर आणि आमच्या घरातला पंप

माळव्याची_सून | १४ ऑक्टोबर, रात्री १२:५०

लेक आत्ता झोपली. झोपली म्हणजे दोन उशांना टेकून अर्धी बसली आहे. शेजारी घड्याळ घेऊन तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला ३६ होते. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, दम्याच्या पंपाचे चार पफ दिल्यावर पाऊण तासात २४ वर आले, तेव्हा कुठे फोन हातात घेतला.

ती नऊ वर्षांची आहे. दम्याचं निदान होऊन तीन वर्षं झाली. आम्ही इंदूरच्या जुन्या वस्तीत राहतो, घरापासून चालत दहा मिनिटांवर धान्याची मंडी आहे. निदान झालं तेव्हा ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की वही ठेव. तेव्हापासून रोज रात्री दोन ओळी लिहिते: खोकला किती, पंप किती वेळा, खिडक्या उघड्या होत्या की बंद, बाहेर काय चाललं होतं. काल तिन्ही वर्षांच्या वह्या समोर मांडून बसले आणि जे दिसलं ते इथे विचारावंसं वाटलं.

माझी समजूत होती की फटाके आणि थंडी हेच तिचे वैरी. फटाक्यांच्या रात्री वाईट जातातच. पण वहीप्रमाणे तिचा सगळ्यात कठीण काळ दिवाळीच्या आधीच सुरू होतो, नवरात्र संपता संपता, मंडीच्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा. दुसरा काळ एप्रिलचा. तेव्हा थंडी नाही, फटाके नाहीत. गहू निघालेला असतो, संध्याकाळी जळक्या काडाचा, म्हणजे नरवाईचा, वास येतो आणि सकाळी गच्चीवर काळी कुरकुरीत राख पडलेली असते. तिसरा काळ पहिल्या वर्षी नव्हताच. तो गेल्या दोन वर्षांतला: फेब्रुवारीच्या मध्यापासून नाक वाहतं, डोळे चोळून लाल होतात, आणि आठवड्याभरात ते छातीत उतरतं. सुरुवातीला वर्षाचे चार-पाच महिने तिला मोकळे मिळायचे. आता जुलै आणि ऑगस्ट, बस.

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. कचरागाडी आली की लेक स्वतः बादल्या घेऊन धावते. रस्त्यावर कागद दिसत नाही. मग ही हवा अशी का?

आणि घरातली अडचण वेगळीच. सासूबाईंचं म्हणणं, पंपाची सवय लागेल, काढा दे, लवंग दे. त्या रात्रभर तिच्या पाठीला ओवा शेकतात, त्यांच्या मायेबद्दल मला काही बोलायचं नाही. पण या गडबडीत रोजचा पंप दोनदा बंद झाला आणि दोन्ही वेळा तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

कोणाच्या घरी असा सोयाबीनच्या दिवसांत त्रास वाढतो का? हवामान बदलतंय म्हणून अ‍ॅलर्जी वाढते असं म्हणतात, त्यात नेमकं काय घडतं?


जुना_इंदूरकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

सूनबाई, वही ठेवलीत हे फार मोठं काम केलंत. धुळीचा आजार ओळखायला अशीच नोंद लागते, हे मी घरात पाहिलंय.

आमचे वडील इथल्या एका कापडगिरणीत ब्लोरूमला होते. कापसाच्या गाठी फुटतात आणि पिंजल्या जातात ते खातं. सुट्टी घालवून सोमवारी कामावर गेले की दुपारपर्यंत छाती आवळायची. मंगळवारी थोडं कमी, गुरुवार-शुक्रवारपर्यंत जवळपास ठीक. पुढचा सोमवार आला की पुन्हा तेच. आईला वाटायचं, रविवारी मुलांत रमतात म्हणून सोमवारी जायचं जिवावर येतं. पुष्कळ वर्षांनी कळलं की कापसाच्या धुळीच्या या आजाराला बायसिनोसिस म्हणतात आणि सोमवारी छाती आवळणं हीच त्याची खूण. कोणीतरी नुसते वार लिहून ठेवले असते तर दहा वर्षं आधी समजलं असतं. गिरण्या गेल्या, पण धान्याची, सोयाबीनची, रस्त्याची धूळ आहेच की शहरात.

दुसरं, आमच्या लहानपणी मे महिन्यातही गच्चीवर गोधडी घेऊन झोपायचो. ‘शब-ए-मालवा’, माळव्याची रात्र, हे नाव उगीच नाही पडलेलं. दिवसभर कितीही तापलं तरी रात्री वारा गार व्हायचा. आता रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. हवेचा चेहराच पालटलाय, हे आम्हा म्हाताऱ्यांना सांगायला यंत्र नको.


निवृत्त_सिस्टर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

छातीच्या वॉर्डात ३१ वर्षं काढली. हवामानाचं इथले जाणकार सांगतील, मी आधी सवयीचं बोलते, कारण मुलीच्या जिवाचा प्रश्न तिथे आहे.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. काकू, दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. बाहेरून काही टोचलं, धूळ, धूर, पराग, थंड हवा, की त्या सुजलेल्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि शिट्टी वाजते. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, ते स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवायला रोजचा स्टेरॉइडचा पंप असतो. स्टेरॉइड म्हटलं की घरोघरी लोक दचकतात, म्हणून मात्रा बघा. निळ्या पंपाच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४० पफांइतकी, आणि ती पोटातून सगळ्या अंगभर फिरते. रोजच्या पंपातलं स्टेरॉइडही असंच मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते नेमकं सुजल्या जागी पोचतं. ही सवय नव्हे काकू. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याची सवय लागते का?

मी नोकरीला लागले तेव्हा नुसता निळा पंप देऊन घरी पाठवायचे. २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की नुसत्या निळ्या पंपावर रुग्णाला ठेवू नका, सुजेचं औषध हवंच. ज्या घरात निळा पंप महिन्याला एक संपतो त्या घरातला दमा ताब्यात नाही, इतकं साधं आहे.

आणि हे फ्रिजवर लावा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर वाटत असतील, तर काढा नाही, शेक नाही, सकाळची वाट नाही. निळ्या पंपाचा एक पफ, स्पेसरमधून चार-पाच श्वास, मग दुसरा पफ, असे चार. चार मिनिटं थांबून फरक नसेल तर पुन्हा चार, आणि हे करत करतच गाडीत बसा.

नऊ वर्षांच्या मुलीचे ३६ श्वास पुष्कळ झाले हो. आजच डॉक्टरांना दाखवा.


आकडे_हवा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

ताई, ‘स्वच्छ शहर’ आणि ‘स्वच्छ हवा’ यांची मोजमापं वेगळी आहेत. मी हवेच्या आकडेवारीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रस्त्यावर दिसतो तो कचरा. फुप्फुसात जातात ते कण दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाही. आपल्या देशाची २००९ ची मानकं सांगतात की घनमीटरमागे वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल आणि दिवसाची ६० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपला निकष वर्षाला ५ आणि दिवसाला १५ असा खाली आणला. म्हणजे मोबाइलवर ‘समाधानकारक’ असं हिरव्या रंगात दिसतं, तेव्हाही दम्याच्या मुलासाठी ती हवा निर्धोक असतेच असं नाही.

इंदूर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये दहा लाखांवरच्या शहरांत स्वच्छ वायू सर्वेक्षणातही पहिलं आलं. ते खरंखुरं काम आहे: यंत्राने रस्ते झाडणं, कचरा न जाळणं, बांधकामाचा राडारोडा उचलणं. पण त्या सर्वेक्षणात बरेचसे गुण ‘काय उपाय केले’ याला असतात आणि प्रत्यक्ष हवेतली सुधारणा पीएम १० वर, म्हणजे जाड्या धुळीवर, पाहतात. डिझेलचा धूर, शेतातला धूर, एप्रिल-मेच्या दुपारचा ओझोन यांचा हिशेब त्या क्रमांकात पुरता उतरत नाही. ओझोन कुठल्या धुराड्यातून निघत नाही. गाड्यांतून आणि कारखान्यांतून निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पशील द्रव्यं कडक उन्हात शिजून तो तयार होतो. जितकं ऊन आणि उष्मा जास्त, तितका ओझोन जास्त. तुमच्या एप्रिलच्या पानात ‘दुपारी खेळून आल्यावर खोकला’ असं कुठे लिहिलंय का, ते बघा.

आता हवामानबदलाचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. झाडांना तो खुराक आहे. अमेरिकेत रॅगवीड नावाचं तण आहे, आपल्या गाजर घासच्याच (काँग्रेस गवताच्याच) कुळातलं. ते प्रयोगशाळेत जुन्या काळच्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या पातळीच्या हवेत वाढवून पाहिलं तर नव्या हवेतल्या रोपांनी दुपटीहून जास्त पराग दिले. उत्तर अमेरिकेतल्या १९९० ते २०१८ च्या नोंदींमध्ये परागाचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागल्याचं आणि हवेतले पराग सुमारे २१ टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं. माळव्याचे आकडे वेगळे असतील, पण झाडाला ऊब आणि खुराक मिळाला की ते काय करतं, ते सगळीकडे सारखंच. तुमचा फेब्रुवारीचा नवा ‘तिसरा काळ’ वाचून मला तेच आठवलं.

धूर आणि पराग एकमेकांना मदत करतात हेही महत्त्वाचं. धुराने श्वासनळीचं अस्तर सोलवटतं, त्यामुळे परागातली प्रथिनं सहज आत शिरतात. एकट्या परागाला जे शरीर सोसतं, ते धुरासोबत सोसत नाही.


गुळाचा_चहा | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ५:०५

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आम्ही खेड्यात शेणामातीत वाढलो, धुळीत लोळलो, चुलीच्या धुरात बसलो. वर्गात एकालाही दमा नव्हता. आजची मुलं मातीला हात लावत नाहीत, म्हणून शरीर साध्या परागालाही घाबरतं. हवेला दोष देण्यापेक्षा मुलांना मोकळं सोडा.


निवृत्त_सिस्टर | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

दादा, तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. १९८९ मध्ये स्ट्रॅकन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं होतं की मोठ्या कुटुंबातल्या, अंगाखांद्यावर भावंडं असलेल्या मुलांना परागाची सर्दी कमी होते. गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांनाही अ‍ॅलर्जी कमी होते असं पुढे युरोपात दिसलं. लहानपणी नाना तऱ्हेचे जंतू भेटले की शरीर शत्रू-मित्र ओळखायला शिकतं.

पण डिझेलचा धूर म्हणजे गोठ्यातली माती नव्हे. आणि ज्याला दमा झालेला आहे त्याला आता धुळीत सोडून तो बरा होत नाही. चुलीच्या धुराबद्दल तर हात जोडून सांगते, असं म्हणू नका. आमच्या वॉर्डात कधी विडी न ओढलेल्या, जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायका ऑक्सिजनवर यायच्या. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाची छाती वाजायची त्याला तेव्हा ‘बाळदमा’ किंवा ‘कमकुवत पोर’ म्हणायचे, नोंद कोण करत होतं?


पिवळा_दाणा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सोयाबीनवर प्रक्रिया होते तिथे दर्जा तपासणीचं काम करते. ताईंचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले, कारण आमच्या प्रशिक्षणात बार्सिलोनाची गोष्ट सांगितली होती आणि ती माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

स्पेनमधलं बार्सिलोना बंदर. १९८१ ते १९८७ या काळात तिथे २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रीघ लागली. काही दगावले. आधी गाड्यांच्या धुरावर संशय गेला, पण आकडे जुळेनात. मग संशोधकांनी त्या दिवसांची यादी आणि बंदरात कोणतं जहाज कधी रिकामं झालं त्याची यादी शेजारी शेजारी ठेवली. ते दिवस सोयाबीन उतरवण्याचे निघाले. धान्य ज्या कोठारात चढवत होते त्यातल्या एकाला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्यावर शहरात जात होती. गाळणी बसवली आणि साथी थांबल्या.

ताई, तुमची वही वाचताना मला तीच यादी आठवली. खरं तर टरफलातलं प्रथिन हा त्रास देतं, आपण खातो त्या सोयावडीचा किंवा तेलाचा याच्याशी संबंध नाही, म्हणून खाणं बंद करू नका. आणि बंदरातलं जहाज वेगळं, आपली मंडी वेगळी, तेव्हा चाचणीआधी ठाम काही म्हणू नका. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची टोचणी-चाचणी करणार असाल तर आधी विचारा की त्यांच्या यादीत धान्याची धूळ आणि बुरशी आहे का. पुष्कळदा यादी ठरावीक असते, त्यात नाही ते सापडणार कसं?


शेतावरून | १६ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

राम राम मंडळी. आम्ही देपालपूरकडचे. पाच पिढ्या माळव्यात झाल्या, घरी मराठी आणि शेतात माळवी. धुराची गोष्ट निघाली म्हणून बोलून राहिलो, नाहीतर मी नुसता वाचणारा आहे.

नरवाई कोणी हौसेने जाळत नाही. हार्वेस्टर गहू वरून कापतं, खाली वीतभर खुंट उभा राहतो. ज्याला उन्हाळी मूग टाकायचा त्याच्या हातात मोजके दिवस. भूसा मशीन गावात दोन, त्यांच्यामागे रांग. मग माणूस काडी लावतो आणि तासाभरात रान साफ. दंड आहे, २ एकरपर्यंत २५००, ५ एकरपर्यंत ५०००, त्याच्या वर १५०००. सन २०२५ पासून सरकारने किसान कल्याण योजनेचे पैसे थांबवायचंही ठरवलं. मी गेली चार वर्षं जाळणं सोडलं, कारण जाळल्यावर शेतात गांडूळ दिसेना. सुपर सीडर भाड्याने आणतो, खुंटासकट पेरणी होते. पण लहान शेतकऱ्याला ते भाडंही जड जातं, हे शहरातल्या लोकांनी समजून घ्यावं.

सोयाबीनचं सांगतो. आधी दसऱ्यापर्यंत पाऊस उघडायचा, कापलेलं पीक शेतात कडकडीत वाळायचं. आता परतीचा पाऊस कापणीवरच येऊन राहिला. कापून ठेवलेल्या ढिगावर पाणी पडलं की आतून गरम होतं, काळी-पांढरी बुरशी चढते. चार दिवसांनी ऊन पडलं की आम्ही तेच थ्रेशरमध्ये घालतो. जी धूळ उडते ती काळपट असते. मागल्या साली मळणी झाली त्या रात्री मला ताप, कोरडा खोकला, छाती जड. दोन दिवसांत उतरला. बायका तोंडाला पदर बांधून उभ्या असतात, त्या पदराने काय अडतं? ताईंच्या मुलीपर्यंत जी धूळ पोचते ती आमच्या छातीतून होऊनच पुढे जाते.


माळव्याची_सून | १६ ऑक्टोबर, दुपारी २:४५

दादा, तुमचं वाचून डोळे भरले. मी ट्रॉल्यांकडे रागाने बघत होते. त्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाच्या छातीचा विचार मनात आला नव्हता.

वही पुन्हा उघडली. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उशिरा पाऊस झाला होता, आणि तिची सगळ्यात वाईट रात्र त्या पावसानंतर सहा दिवसांनी आहे. आकडे_हवा, तुमचंही खरं निघालं: एप्रिलमध्ये पाच ठिकाणी ‘संध्याकाळी मैदानावरून आल्यावर’ असं लिहिलंय.

डॉक्टरांनी रोजचा पंप पुन्हा सुरू केला आहे. कधी काय द्यायचं ते हिरवा-पिवळा-लाल अशा कागदावर लिहून दिलं. पंप देताना माझी चूक होत होती तीही दाखवली: मी एकदम दोन पफ स्पेसरमध्ये सोडत होते.

आमच्या सोसायटीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सप्तपर्णी आहे, आत्ता संध्याकाळी तिचा इतका उग्र दर्प येतो की डोकं दुखतं. तिचे पराग त्रास देतात का? झाडं काढावीत असं काहीजण म्हणताहेत.


रोपवाटिका | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

ताई, तोडू नका, लगेच तर नाहीच. सप्तपर्णीचं परागण किडे करतात, तिचे पराग वाऱ्यावर दूरवर जाणारे नाहीत. मात्र तिचा दर्प स्वतःच सुजलेल्या श्वासनळीला टोचतो, अत्तर किंवा ताज्या रंगाचा वास टोचतो तसा. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण त्रास खराच. फुलोऱ्याचे तीन-चार आठवडे संध्याकाळी त्या बाजूची खिडकी बंद ठेवा.

परागाचा खरा त्रास देतात ती झाडं ज्यांच्या फुलांकडे आपलं लक्षही जात नाही. ज्याला रंग नाही, वास नाही, मध नाही, ते फूल वाऱ्यावर विसंबतं आणि ढिगाने पराग सोडतं. गवतं, एरंड, आणि वावळ, ज्याला इकडे चिलबिल म्हणतात. वावळ पानगळीनंतर, थंडी सरता सरता उघड्या फांद्यांवर फुलते. तुमच्या फेब्रुवारीच्या पानाशी ते जुळतं, जवळपास मोठी वावळ आहे का बघा. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटमध्ये माजलेली गाजर घास तर सगळ्यांनी मिळून उपटायला हवी, फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. ती त्वचेलाही भोवते. जबलपूरची तणसंशोधन संस्था दर ऑगस्टमध्ये तिच्यासाठी आठवडाभर मोहीम चालवते, ती वेळ बरोबर असते.

रस्ताभर एकच झाड लावायची पद्धत मात्र सोडायला हवी. शंभर झाडं एकदम फुलली की शेजारच्यांना सुटका नाही. कडुनिंब, करंज, आवळा, बेल, बहावा, असं मिसळून लावा.


माहेर_इंदूर | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

मी मेलबर्नला राहते, माहेर राजेंद्रनगरचं. हवामान आणि दमा म्हटलं की मला २१ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ आठवते.

दिवसभर ऊन आणि कोरडा वारा. संध्याकाळी एकदम वादळ आलं, गार झोत, थोडासा पाऊस. तासाभरात रुग्णवाहिकांचे आवाज थांबेनात. माझ्या नवऱ्याला तोवर फक्त वसंतात शिंका यायच्या, दमा कधीच नव्हता. त्या रात्री तो सोफ्यावर पुढे वाकून बसला आणि म्हणाला, हवा आत जात नाहीये. आम्ही दवाखान्यात पोचलो तर बाहेर फुटपाथवर माणसं बसलेली.

पुढे समजलं ते असं. गवताचा पराग एरवी मोठा असतो, नाकात अडकतो आणि शिंक येते. वादळाआधीच्या ओलाव्याने तो फुगून फुटतो, त्याचे शेकडो बारीक तुकडे होतात आणि वादळाचा खाली येणारा झोत ते माणसांच्या तोंडाशी आणून सोडतो. ते तुकडे सरळ छातीत उतरतात. त्या एका घटनेत दहा माणसं गेली. दवाखान्यात आलेल्यांत पुष्कळ जण माझ्या नवऱ्यासारखे होते, फक्त नाकाची अ‍ॅलर्जी असलेले. आता इथे वसंतात दररोज वादळी दम्याचा अंदाज देतात आणि त्या दिवशी आम्ही वादळ येण्याआधी घरात येतो.

माझा भाऊ इंदूरला आहे, त्यालाही परागाची सर्दी आहे आणि तो ती अंगावर काढतो. त्याच्यासाठीच हे लिहिलं. वळवाच्या आधी सुटणाऱ्या वाऱ्यात ज्याची छाती आवळते, त्याने ‘हवापालट’ म्हणून सोडून देऊ नये.


आकडे_हवा | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

आपल्याकडे ही साखळी कुठे तुटते तेही सांगतो. हवेत धूळ किती हे सांगणारी केंद्रं शहरात आहेत. पण आज कोणता पराग किती, कोणती बुरशी किती, हे इंदूरच्या माणसाला सकाळी उठून बघता येत नाही. मेलबर्नला ते मोजतात म्हणून अंदाज देता येतो. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला हे जमण्यासारखं आहे: गच्चीवर पराग पकडणारं यंत्र, एक सूक्ष्मदर्शक, आणि रोज तासभर बसणारे दोन विद्यार्थी. मी याबद्दल ओळखीतल्या दोन प्राध्यापकांना पत्र लिहितो आहे.

तोवर ताईंसारख्या दहा घरांनी वही ठेवली तरी बरंच दिसेल. तारीख, खोकला, पंप, पाऊस, धूर. एवढे पाच रकाने.


जुना_इंदूरकर | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:००

माझं नाव पहिलं लिहा. छाती चांगली आहे, पण सकाळी साडेपाचला फिरायला जातो, रोजचा वास आणि धुकं लिहीन. सूनबाई, मंडीबद्दल आम्ही तिघे-चौघे ज्येष्ठ अर्ज घेऊन जाऊ. मागणी साधी ठेवू: चाळण्यांवर धूळ ओढणारी यंत्रं, आवारात पाणी शिंपडणं, हमालांना चांगले मास्क. हमालांची मागणी सगळ्यात वर लिहायची.


शेतावरून | १७ ऑक्टोबर, रात्री ८:३५

अर्जात आमच्या गावाकडून एक ओळ टाका काका: भूसा मशीन आणि सुपर सीडर पंचायतीमार्फत वेळेवर मिळावं. धूर तिथेच थांबेल. आणि हमालांना देणार तो मास्क कोणता, तेही सांगा, मळणी अजून आठ दिवस चालणार.


निवृत्त_सिस्टर | १७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दादा, एन ९५ लिहिलेला घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. कापडी रुमाल बारीक धूळ अडवत नाही. ढीग ओला असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय थ्रेशरला घालू नका, आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, धूळ तुमच्यापासून दूर जाईल असे. मळणीनंतर ताप आणि खोकला पुन्हा आला तर ‘थंडी भरली’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना बुरशीच्या धुळीचं स्पष्ट सांगा, नाहीतर ते न्यूमोनिया समजून औषध देतील. दरवर्षी असं होत राहिलं तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं.


माळव्याची_सून | २३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आठ दिवस झाले. निळा पंप या आठवड्यात दोनदाच लागला. मंडीकडच्या खिडक्या दुपारी बंद ठेवतो, देवघरात उदबत्तीऐवजी फक्त निरांजन. हा बदल सासूबाईंनी स्वतः केला. रोजचा पंपही आता त्याच देतात, दात घासायच्या आधी, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते. लेकीने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली आहे. काल लिहिलंय: ‘आज आभाळ पिवळं. खोकला नाही.’

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. सासूबाई रोज स्पेसर धुऊन स्वच्छ फडक्याने चकचकीत पुसतात. चालतं ना?


निवृत्त_सिस्टर | २३ ऑक्टोबर, रात्री १०:४०

काकूंना माझा नमस्कार सांगा. धुवायचं आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून, आणि पुसायचं अजिबात नाही. प्लास्टिक फडक्याने घासलं की त्यावर स्थिर वीज येते, मग औषध आतल्या भिंतीला चिकटतं आणि छातीत कमी पोचतं. तसंच उभं करून हवेवर वाळू द्या.